माळढोक दिसला नाही, त्याबद्दल

नमस्कार ताई,

आमच्या सोलापूर-नान्नज निसर्ग सहलीचा तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. बायकोनंही वाचला आणि "बरोबरच लिहिलंय की" म्हणून ती आत गेली. तेव्हा आधी कबुली देतो, भांडण नंतर.

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली, हुरडा गार होता, निसर्ग सहल म्हणून सकाळी आधी बंद गिरणीचं धुराडं दाखवलं, माळढोक दिसलाच नाही, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यात "नुसतं उजाड माळ, सावलीला झाड नाही, माणशी सोळाशे कशाचे?"

उशीर आमचाच. ड्रायव्हरनं गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीचं कारण सांगितलं असेल, पण गड्डा काय यंदा पहिल्यांदा भरला नाही. संक्रांतीला रस्ते वळवतात हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. हुरड्याचंही तेच. त्या रविवारी दोन ग्रुप घेतले आणि आगटी एकच पेटवली. कणीस राखेतून काढून, हातावर चोळून, फुंकर मारून दाणे तोंडात टाकले की जरा चटका बसला पाहिजे. गार झाला की हुरडा चिवट होतो, मग शेंगाचटणी कितीही झणझणीत असो. तुम्हाला आधीच्या ग्रुपचा उरलेला मिळाला, याची लाज वाटते. हुरड्याचे माणशी अडीचशे परत करतो. यापुढे एका दिवशी एकच ग्रुप.

माळढोकाबद्दल मात्र दोष पक्ष्याचा नाही, आमच्या जाहिरातीचा आहे. बॅनरवर गळा फुगवलेला नर छापला होता. तो बघून माणूस येणार तर नर बघायलाच येणार. खरं असं आहे की आज हा पक्षी अख्ख्या देशात रानात मोकळा दीडशेच्या आत उरलाय आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला दिसला तर एखादा, तोही कधीतरी. 1979 मध्ये अभयारण्य झालं तेव्हा कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं. गावं, शेतं, रस्ते सगळं त्यातच. पुढे ते 1,222 वर आणलं. पक्षी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून घटत होता. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. पक्षी अंगानं जड, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळतो. हे सगळं बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं. बॅनर उतरवलाय. नव्यावर काळवीट आहे, ते तरी दिसतं.

आता "उजाड". इथं मी ऐकणार नाही. माळावर झाड नाही म्हणून तर तो माळ आहे, ताई. झाडी दाटली की माळढोक तिथं थांबत नाही, काळविटालाही मोकळं रान लागतं. लांडगा, खोकड, चंडोल, सगळा संसार त्या गुडघाभर गवतात. तुम्ही गाडीत बसला होता तेव्हा तुमचा धाकटा आमच्या पोराबरोबर खाली उतरला होता. दोघं दहा मिनिटं एका जागी बघत होते आणि तो म्हणत होता, "कुठंय? मातीच आहे." तेवढ्यात माती पळाली! धाविक पक्षी होता. तांबूस अंग, डोळ्यावर काळी-पांढरी पट्टी. चार पावलं तुरुतुरु पळतो आणि थबकतो, थबकला की पुन्हा माती. पोरगं परत येताना गाडीत तेवढंच बोलत होतं. तुमच्या रिव्ह्यूत तो धाविक आला नाही, म्हणून इथं लिहिला.

आणि धुराडं. बरेच जण विचारतात, निसर्ग सहलीत गिरणी कशाला? सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 मध्ये सुरू झाली, तिला आजही सगळे जुनी मिल म्हणतात. भोंग्यावर शहर उठायचं. माझे वडील दुसऱ्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर होते. छातीत कापसाची तूस बसलेली. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून हिप्परग्याच्या तलावावर जायचे, गळ टाकून बसायला. मासा क्वचितच लागायचा. म्हणायचे, मोकळा श्वास घ्यायला जातो. तो तलाव 1871 चा, म्हणजे गिरणीहून जुना. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब पक्षी येतात, ते मी पहिल्यांदा त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून बघितले. गिरणी बंद पडल्यावर ते नान्नजजवळ वाट्यानं जमीन कसायला लागले. तुम्ही हुरडा खाल्लात ते तेच रान. म्हणून धुराड्यापासून निघतो, तलावावरून जातो आणि माळावर पोचतो. पण हे सगळं गाईडनं सांगायचं होतं. तो मोबाईलमध्ये होता, हेही तुम्ही लिहिलंय आणि तेही खरं आहे. त्याला बोललो आहे.

हिरवं आणि पाणीच बघायचं असेल तर जानेवारीत आमच्याकडे येऊ नका, अगदी मनापासून सांगतो. चांगला पाऊस झाल्यावर नळदुर्गला जा. बोरी नदी भरली की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे पडतात, पाणीमहालात उभं राहून बघता येतात. आमची गाडी घ्या असं नाही, एसटीनंही जाता येतं.

पैसे आज संध्याकाळपर्यंत बुकिंगच्या नंबरवर येतील. आणखी एक, धाकट्याची निळी कानटोपी मागच्या सीटखाली सापडली. धुऊन ठेवलीय. पत्ता इथं नको, मेसेज करा, पार्सल करतो.