ब्लेअर विचमधली तिघंही मेलेली नाहीत

परवा रात्री साडेअकराला तळोद्याहून बहिणीचा फोन आला. नववीतला भाचा खोलीतला दिवा मालवू देईना. काय झालं विचारलं तर त्याने मोबाइल पुढे केला. चाळीसेक सेकंदांची क्लिप होती. अंधारात एका मुलीचा चेहरा, कॅमेऱ्याच्या इतका जवळ की अर्धाच मावलाय. नाक गळतंय, ती रडत रडत माफी मागतेय. खाली मजकूर असा: 1994 साली अमेरिकेच्या जंगलात तीन पोरं चेटकिणीचा शोध घ्यायला गेली आणि मेली, पोलिसांना कॅमेरा सापडला, त्याचाच सिनेमा झाला, दिग्दर्शकाला अटक झाली, थिएटरात लोकांना उलट्या झाल्या, समीक्षकांनी घाबरून सिनेमा दाबला. आणि शेवटची ओळ: ‘आपल्या सातपुड्यातही अशा बाया आहेत. काड्या बांधणारी बाई दिसली तर सावध.’

हाच मेसेज माझ्याकडे दोन ग्रुपांवर आला होता. मी न वाचताच सोडून दिला. ती माझी चूक झाली, म्हणून आता लिहितेय.

बेपत्ता पोरं, नंतर सापडलेलं त्यांचं चित्रीकरण वगैरे ही त्या सिनेमाचीच गोष्ट आहे. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांचा 1999 चा सिनेमा. त्याचं शूटिंग ऑक्टोबर 1997 मध्ये मेरीलँड राज्यात आठ दिवसांत झालं. कॅमेरे नटांच्याच हातात दिले होते. आज काय करायचं याच्या चिठ्ठ्या त्यांना रोज मिळायच्या आणि जेवण दिवसेंदिवस कमी केलं जायचं, म्हणून त्यांची चिडचिड इतकी खरी वाटते. क्लिपमध्ये रडणारी मुलगी म्हणजे हेदर डोनाह्यू, अभिनेत्री.

आणि ‘मेली’? एप्रिल 2024 मध्ये हेदर, जोशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स या तिघांनी मिळून सिनेमाची सध्याची मालक कंपनी लायन्सगेटला जाहीर पत्र लिहिलं. जगभरात सुमारे 24.8 कोटी डॉलर कमावलेल्या सिनेमातला आमच्या हक्काचा वाटा आम्हाला द्या, अशी त्यांची मागणी होती. आणखी कसला पुरावा हवाय?

एवढं मात्र मान्य करावं लागतं की ही थाप पहिल्यांदा सिनेमावाल्यांनीच मारली. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात नटांची ‘बेपत्ता’ अशी पोस्टरं चिकटवली, वेबसाइटवर खोटा तपास मांडला, नटांना लोकांसमोर येऊ दिलं नाही. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. जिचं रडणं लोकांना इतकं खरं वाटलं, तिलाच त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचं ‘रॅझी’ देऊन हिणवलं. मला याचा आजही राग येतो.

अटकेचं प्रकरण दुसऱ्याच सिनेमाचं आहे, 1980 च्या इटालियन ‘कॅनिबल होलोकॉस्ट’चं. त्याच्या दिग्दर्शकाला आपले नट जिवंत असल्याचं दाखवून द्यावं लागलं होतं. उलट्या काहींना खरंच झाल्या, पण त्या हलत्या कॅमेऱ्यामुळे. तोरणमाळच्या घाटात गाडी लागते, तसंच ते. आणि समीक्षकांनी दाबला म्हणावं, तर रॉजर ईबर्ट या नावाजलेल्या अमेरिकन समीक्षकाने चारपैकी चार तारे दिले होते. वैतागले ते प्रेक्षक, कारण त्यांना चेटकीण दिसेल असं वाटलं होतं आणि ती शेवटपर्यंत दिसत नाही.

दिसणार कुठून? ती मायरिक आणि सांचेझ या दोघा दिग्दर्शकांनी रचलेली आहे. सिनेमात चेटकिणीचं म्हणून सांगितलेलं मेरीलँडमधलं बर्किट्सव्हिल हे गाव खरं आहे, दंतकथा बनावट. तरीही लोक तिथे झुंडीने गेले, गावाच्या नावाच्या पाट्या चोरून नेल्या.

आपल्याकडे पाट्या चोरून भागत नाही. अक्कलकुवा-धडगावकडे बाईला डाकीण ठरवतात म्हणजे काय करतात, हे नंदुरबार जिल्ह्यात कुणाला सांगावं लागू नये. पोर आजारी पडलं, बैल दगावला की कुणीतरी भगताकडे जातं, तो एक नाव घेतो, आणि त्या बाईला मारहाण होते, गाव सोडावं लागतं. बहुतेक वेळा ती एकटी असते, विधवा असते, नाहीतर तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. मेसेज लिहिणाऱ्याने हे माहीत असूनच ती ओळ जोडलीय. अमेरिकेतल्या कुणाला सातपुडा कुठून ठाऊक?

त्या सिनेमात झाडांना काड्यांच्या बाहुल्या टांगलेल्या आहेत. बहिणीच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी राहते. ती सरपण वेचून आणते आणि काटक्यांच्या लहान लहान मोळ्या सुतळीने बांधून वळचणीला टांगते, खाली ओल लागते म्हणून. भाच्याने मला हळूच विचारलं, “मावशी, ती पण तशीच आहे का?” त्याच्या वर्गातली पोरं शाळेत जाताना आता ती गल्ली टाळतात. एकाने तिच्या दारावर दगड मारलाय. भाच्याने तो मारला नव्हता, पण तो तिथे उभा होता.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखादी बाई करणी करते, ती सैतान आहे असं पसरवून तिला त्रास देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड. हे मी बहिणीला फोनवरच वाचून दाखवलं आणि तिने ते भाच्याच्या वर्गशिक्षकांना पाठवलं.

रविवारी मी तळोद्याला जातेय. भाच्याला घेऊन त्या म्हातारीकडे जाईन, तो दगडाबद्दल बोलेल असं त्याने कबूल केलंय. आणि ज्यांनी मेसेज पुढे ढकलला त्या सगळ्यांना सांगते, नुसता डिलीट करू नका. ज्या ज्या ग्रुपवर टाकलात तिथे लिहा की हे खोटं आहे, आणि शेवटची ओळ खोटी आहे हे वेगळं लिहा.