वाळू दाराबाहेर झाडा हो!

नाशिकहून घाट उतरून कोकणात मित्राकडे मुक्कामाला जायचं, आणि समुद्रावरून आलं की थेट त्याच्या न्हाणीघरात घुसायचं! अरे, वाळू पाण्याबरोबर वाहून जात नाही. जड असते, जाळीखालच्या वाटीत बसते. चार माणसं, दोन दिवस, की मोरी तुंबलीच. मग यजमान बिचारा हात घालून उपसतोय. अंगणात बादली-तांब्या काय शोभेला ठेवलाय? आणि ओली वाळू चोळून निघत नाही. आधी पाय सुकू द्या, मग झटका. फारच घाई असेल तर थोडी टाल्कम पावडर लावा, सुटते.

टॉवेलचं तर विचारूच नका. नाशिकच्या उन्हाळ्यात तासाभरात खडखडीत वाळतो, म्हणून कोकणातही खारट तसाच दोरीवर फेकायचा. मीठ हवेतला ओलावा ओढतं. तो संध्याकाळीही चिकटच राहणार. अर्धी बादली गोड्या पाण्यात खळबळा, घट्ट पिळा, मग टाका. अर्धीच हं, मे महिन्यात विहिरी तळाला जातात.

वर सोबत नेलेला चिवडा रात्रभर उघडा ठेवून सकाळी वहिनींनाच विचारायचं, ‘मऊ कसा पडला?’