उच्चदाब वाहिनीखालच्या गावांना वीज: खर्च नेमका कुठे?

एका लेखात सुचवलं आहे की १३२ केव्हीच्या (१ केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिनीवरून तिच्याखालच्या प्रत्येक गावासाठी थेट ट्रान्सफॉर्मर बसवावा. ते परवडत नाही. ट्रान्सफॉर्मरपेक्षा ब्रेकर, आयसोलेटर, रिले ही वीज तोडणारी आणि बिघाड ओळखणारी उपकरणंच महाग. शिवाय प्रत्येक टॅप (वाहिनीवरून काढलेला फाटा) म्हणजे मुख्य वाहिनी ट्रिप होण्याची, म्हणजे बंद पडण्याची, आणखी एक जागा.

वाहिनी आणि जमीन यांच्यामध्ये कपॅसिटर जोडून वीज काढायची कल्पना कागदावर छान दिसते, पण हिशोब करा. एका फेजच्या तारेचा जमिनीशी दाब ७६ केव्ही, कपॅसिटर १० नॅनोफॅरड, ५० हर्ट्झ: प्रवाह सुमारे ०.२४ अँपिअर. तेवढ्यावर १० केव्हीला जेमतेम अडीच केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर) मिळतात. कपॅसिटर वाढवला, की त्याचं ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी कोअरशी फेरोरेझोनन्स (एक प्रकारचा अनुनाद) जुळतं आणि दाब भलताच चढतो. तो आवरणारं डॅम्पिंग सर्किट लागतंच.

खरा स्वस्त मार्ग टॉवरच्या माथ्यावरच्या अर्थवायरचा, म्हणजे आकाशातली वीज झेलायला जमिनीशी जोडलेल्या तारेचा. ती इन्सुलेटरवर घ्यायची आणि सबस्टेशनातून २० ते ३४.५ केव्हीने भारित करायची. घानात १६१ केव्हीच्या वाहिन्यांवर हे झालं आहे. इन्सुलेटरला आर्किंग हॉर्न (वीज पडली की ठिणगीने प्रवाह जमिनीकडे सोडणारी धातूची शिंगं) हवेच, नाहीतर आकाशातल्या विजेपासूनचं संरक्षण गेलं. दोन अर्थवायर असतील तर जमीन तिसरी फेज धरून थ्री-फेजही देता येतं. मात्र मुख्य वाहिनीच्या इंडक्शनने दाब असमतोल होतो, तो कपॅसिटरने सावरावा लागतो.

दुर्लक्ष होतं ते अर्थिंगकडे. जमिनीतून परतणारा प्रवाह २५ अँपिअर आणि अर्थचा रोध ५ ओहम असेल, तर जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडवर १२५ व्होल्ट! उन्हाळ्यात माती सुकली की रोध आणखी वाढतो. मोजणी तेव्हाच करा, पावसाळ्यातले आकडे फसवे.