'आधी कार्बन फ्रेम, टायर-ब्रेक नंतर': ट्रेल बाइक बांधताना हा सल्ला का ऐकू नये

फुल सस्पेन्शन ट्रेल बाइक (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली डोंगरवाटांची सायकल) स्वतः बांधायची म्हटलं की एक ठरावीक सल्ला हमखास मिळतो: फोर्कला (पुढच्या सस्पेन्शनला) ट्रॅव्हल (दबण्याचं अंतर) जितका जास्त तितका चांगला, फ्रेम कार्बनचीच घ्या, मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) सगळ्यात वरच्या श्रेणीचा लावा, टायर-ब्रेक पुढे कधीही बदलता येतात, आणि आता स्टँडर्ड ठरलेली असल्यामुळे सगळं सगळ्याला बसतं. हा सल्ला शेअर करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्यावर विसंबून लोक लाखांत पैसे घालतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

ट्रॅव्हलपासून सुरुवात करू. ट्रेल बाइकचा ट्रॅव्हल साधारण 120 ते 150 मिमी असतो आणि फ्रेमची सगळी भूमिती एका विशिष्ट उंचीचा फोर्क धरूनच आखलेली असते. 140च्या फ्रेमला 160चा फोर्क लावला की पुढचा भाग 20 मिमी उचलला जातो. त्याने हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी असलेला कोन) जवळपास एक अंशाने कलतो, सीटचा कोन तेवढाच मागे जातो आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्या फिरतात तो आस) सहा-सात मिमी वर येतो. उतारावर हे कदाचित आवडेलही. पण खड्या चढावर वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक भरकटायला लागतं, आणि ट्रेलवर निम्म्याहून जास्त वेळ तर चढण्यातच जातो. शिवाय हेड ट्यूबवरचा (फोर्क बसतो त्या नळीवरचा) ताण वाढतो. फ्रेम बनवणाऱ्याने दिलेली फोर्कची कमाल मर्यादा ओलांडली तर वॉरंटीवरही सहसा पाणी सोडावं लागतं.

मागच्या शॉकचं गणित तर याहून नाजूक आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. 210×50 आणि 210×55 (मिमीमध्ये लांबी × स्ट्रोक, म्हणजे शॉक दबण्याचं अंतर) हे दोन शॉक बाहेरून सारखेच लांब. फरक फक्त स्ट्रोकचा, 5 मिमीचा. पण फ्रेमचा लीव्हरेज रेशो (शॉकच्या किती पट चाक हलतं ते) 2.6 असेल तर या 5 मिमीमुळे मागचं चाक सुमारे 13 मिमी जास्त वर येतं, आणि पूर्ण दबल्यावर टायर सीट ट्यूबला घासू शकतो. फ्रेम लांब स्ट्रोकसाठीही चालते असं बनवणाऱ्याने स्वतः सांगितलं असेल तरच तो लावावा.

खरं तर आकड्यापेक्षा डँपिंग (सस्पेन्शनच्या हालचालीचा वेग आवरणं) महत्त्वाचं. नीट बसवलेला 130चा फोर्क, 15-20 टक्के सॅग (स्वाराच्या वजनाने आधीच दबलेला भाग) आणि योग्य रिबाउंड (दबल्यावर परत येण्याचा वेग) असेल तर, साध्या डँपरच्या 150पेक्षा खडकाळ वाटेवर जास्त पकड देतो. मागच्या शॉकला 25 ते 30 टक्के सॅग ठेवा. जास्तीच्या 20 मिमीवर खर्च करण्याऐवजी शॉक पंप (सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा) घ्या आणि सर्व्हिससाठी पैसे राखून ठेवा. रॉकशॉक्स ही सस्पेन्शन कंपनी फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस दर 50 तासांनी करायला सांगते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या चिखलात चालवणाऱ्याने तेवढीही वाट पाहू नये.

कार्बनबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियमच्या तुलनेत फ्रेममागे वाचतं ते साधारण अर्धा ते एक किलो, म्हणजे फार तर एका भरलेल्या पाण्याच्या बाटलीएवढं. बजेट अमर्याद असेल तर जरूर घ्या. नसेल तर तो पैसा दुसरीकडे हवा.

डिरेलरचा मुद्दा मला सर्वात चुकीचा वाटतो. खडकावर आपटून मोडणारा पहिला भाग हाच, आणि सगळ्यात महाग तोच घ्यायचा? शिमानो कंपनीच्या 12 स्पीड मालिकेत स्वस्त डिओर श्रेणीचा डिरेलर वरच्या एक्सटी श्रेणीच्या शिफ्टरबरोबर (हँडलवरच्या गिअर बदलायच्या कळीबरोबर) व्यवस्थित चालतो, आणि डिओरची 10-51 कॅसेटही (10 ते 51 दातांच्या मागच्या चकत्यांचा संचही) एक्सटीइतकीच 510 टक्के रेंज देते. हाताला फरक जाणवतो तो शिफ्टरचा: एक्सटीवर एका दाबात दोन गिअर सोडता येतात, डिओरवर एकेकच. म्हणून शिफ्टर वरचा, डिरेलर खालचा.

आता 'टायर-ब्रेक नंतर'. जमिनीला टेकतात ते फक्त टायर. सस्पेन्शन कितीही भारी असलं तरी टायर घसरला की त्याचा उपयोग संपतो. पुढे मऊ रबराचा, खोल खाचांचा, 2.4 ते 2.5 इंची टायर लावा. मागे थोडं कडक रबर चालेल, पण बाजूची भिंत जाड हवी, कारण दख्खनच्या बेसाल्टच्या कडा पातळ भिंत सहज चिरतात. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेली) व्यवस्था पहिल्या दिवसापासून. ब्रेक चार पिस्टनचे, पुढे 200 किंवा 203 मिमीचा रोटर (ब्रेकची चकती), मागे 180. लांब उतारावर छोटा रोटर तापला की लीव्हर ओढूनही बाइक थांबत नाही, आणि तो अपग्रेडची वाट पाहण्याचा क्षण नसतो. ब्रेकमधल्या द्रवाचंही बघा: शिमानोच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच ब्रेकना डॉट 5.1 हा द्रव. एकाचं दुसऱ्यात घातलं तर सील खराब होतात.

'सगळं सगळ्याला बसतं' हे तर साफ खोटं आहे. मागचा हब (चाकाचा मधला भाग) 148 मिमी रुंदीचा बूस्ट की 157चा सुपर बूस्ट? फ्रीहब (हबवर कॅसेट चढते तो भाग) मायक्रो स्प्लाइन, एक्सडी की जुना एचजी? 10 दातांपासून सुरू होणारी कॅसेट एचजीवर चढतच नाही. स्रॅमचं 2023चं ट्रान्समिशन (गिअर संच) हँगर, म्हणजे डिरेलर टांगायची पट्टी, काढून थेट फ्रेमवर बसतं आणि त्यासाठी फ्रेम यूडीएच या सामायिक हँगर मानकाला अनुरूप लागते. ड्रॉपर पोस्टचा (चालवताना सीट खाली-वर करणाऱ्या दांड्याचा) व्यास 30.9, 31.6 की 34.9, आणि सीट ट्यूबमध्ये तो किती खोल जातो, हेही फ्रेमच ठरवते. 200 मिमी खाली जाणारा ड्रॉपर आत पूर्ण उतरला नाही तर सीट कायमची उंच राहते. हे सगळे आकडे फ्रेमच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेले असतात. ते कागदावर उतरवून घ्या, मगच पहिली ऑर्डर टाका.