धन बॉडीला?

काल गल्लीत चारचौघांसमोर एका माणसाने माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी उलटी लावली आणि ट्रॅक्टर नीट झाला. पहिल्या गोष्टीचा राग एव्हाना उतरला असता. दुसरीचा उतरत नाही.

ट्रॅक्टर बाबांचा. १९५०च्या दशकातला, विलायती. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं शेत गेलं, तिथे आता लोक बाराव्या मजल्यावर कपडे वाळत घालतात. ट्रॅक्टर तेवढा उरला. गणपतीत पेठेतल्या मंडळाचा रथ तोच ओढतो. यंदा पावसाळाभर उभा राहिला आणि डायनामोने, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राने, चार्जिंग देणं सोडलं.

‘‘डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की बॅटरी लागतेच कशाला?’’ इति अध्यक्ष. खरं आहे. पण लक्ष्मी रोडवर पुढे ढोल, मागे ताशा, आणि मधोमध इंजिन बंद पडलं, तर रथासकट धक्का कोण मारणार? (तसं पाहिलं तर मिरवणुकीच्या चालीत डायनामो काहीच देत नाही, त्याला रेस लागते. हे मी अध्यक्षांना सांगितलेलं नाही.)

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि बॉनेट लावलं. ‘‘काढून टाका हा डबा, ऑल्टरनेटर बसवतो.’’ १९६०च्या दशकात डायोड आले, डायनामोच्या जागी ऑल्टरनेटर आले, मान्य. पण जी वस्तू उघडूनही पाहिली नाही ती काढून टाकायचा सल्ला देण्याचे पैसे कसले घेता? घेतले मात्र. ज्यांना कटआउटचे (डायनामो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट पॉलिशपेपरने घासता यायचे ती माणसं आता नातवंडांना शाळेत सोडतात.

म्हणून मीच बसलो. डायनामोला दोन टर्मिनल असतात, मोठं डी आणि लहान एफ. दोन्हींच्या तारा काढायच्या, टर्मिनल एकमेकांना जोडायची, ती आणि बॉडी यांच्यात मीटर लावून हलकी रेस द्यायची. वीसेक व्होल्ट दिसले तर डायनामो धडधाकट, दोष पुढे चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोल बॉक्समध्ये. माझा काटा जागचा हलला नाही. बेल्ट घट्ट, आतले कार्बन ब्रश चांगले. म्हणजे नुसतं उभं राहून आतल्या लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलं होतं, आणि त्याशिवाय डायनामो वीज द्यायला सुरुवातच करत नाही. इलाज फुकटातला: बॅटरीवरून एक तार आणून क्षणभर एफला टेकवायची.

इतक्यात काका आले. बनियन, पायजमा, हातात दुधाची पिशवी. वीजखात्यातून निवृत्त. पिशवी त्यांनी मडगार्डवर ठेवली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बॅटरीत जवळजवळ तोंडच घातलं.

‘‘हे काय? धन बॉडीला?’’

‘‘हो काका. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांना बहुतेक पॉझिटिव्ह अर्थच असायचं, बॅटरीचं धन टोक बॉडीला.’’

‘‘कोणी केलं हे?’’

‘‘इंग्रजांनी.’’

‘‘तरीच गेले.’’

मंडळाची पोरं हसली. इथेच मी हरलो होतो. पुढे काकांनी मला अर्थिंग शिकवलं. खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. मी म्हटलं, काका, याला रबरी टायर आहेत, जमिनीशी संबंध नाही. ते म्हणाले, ‘‘तोच तर दोष आहे.’’ वरच्या गॅलरीतून काकू ओरडल्या, ‘‘अहो, दूध!’’ काका म्हणाले, ‘‘इथे जनतेचं काम चाललंय.’’

मी तारेचा तुकडा आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. परत येतो तर बॅटरीच्या दोन्ही केबल अदलाबदल करून काका पान्हा पुसत होते. माझा पान्हा, माझ्याच फडक्याने. ‘‘दुरुस्त केलं,’’ म्हणाले. मी सांगायचा प्रयत्न केला. पोरं म्हणाली, ‘‘काका म्हणतायत तर बघू की, दादा.’’ शेवटी चिडून एफला तार टेकवली. चट्कन ठिणगी उडाली. इंजिन सुरू केलं, रेस दिली, बॅटरीवर मीटर धरला. चौदा व्होल्ट.

टाळ्या काकांना.

अहो, काम त्या ठिणगीने केलं! केबल होत्या तशा ठेवून तार टेकवली असती तरी हेच झालं असतं. डायनामोला कुठलीही बाजू चालते, ज्या बाजूने चेतवाल त्या बाजूने देतो. हे मी पोरांना सांगितलं, अध्यक्षांना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. चहावाला म्हणाला, ‘‘पण आधी चालत नव्हता ना?’’

वर आता अ‍ॅमीटर उलटा झालाय. चार्जिंग होत असलं की काटा डिस्चार्जकडे. सीटवर चढणारा प्रत्येक जण मला सांगतो, दादा, बॅटरी उतरतेय. मागच्या दोन तारा बदलल्या की काम संपेल, पण मी पान्हा उचलला की वरून हाक येते, ‘‘चालू यंत्राला हात लावू नये!’’

आज सकाळी मंडळाचा फ्लेक्स आला. खाली ‘तांत्रिक मार्गदर्शन’ म्हणून काकांचं नाव. माझं नाव नाही. ट्रॅक्टरचा फोटो आहे, आणि सीटवर काका. दुधाची पिशवीसुद्धा आहे फोटोत. फ्लेक्सची वर्गणी माझ्याकडून घेतलीय.