सभामंडप मोजले, सभागृहाचं काय?
आमच्या आमदारांच्या वर्षभराच्या कामाचा आढावा घेणारा तुमचा लेख वाचला. रस्ते, सभामंडप, व्यायामशाळा, पाण्याच्या टाक्या... यादी भलीमोठी आहे, पण यातली निम्मी कामं ग्रामपंचायत-नगरपालिकेचीच ना? विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किती विचारले, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) कशावर मांडली, एखादं अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेला कायद्याचा मसुदा) आणलं का, याबद्दल लेखात एक ओळ नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला; पुढे २००५ मध्ये केंद्रानेही देशभरासाठी तसाच कायदा केला. पागे हेही विधिमंडळातलेच होते. अर्थात सभामंडपावर नावाची पाटी लावता येते, कायद्यावर नाही! पुढच्या लेखात निदान अधिवेशनातली हजेरी तरी छापा.