ब्रेक पॅड घरी बदलायचे का? कट्ट्यावर दोन तट पडले

विषय निल्याने काढला. त्याच्या गाडीचे पुढचे ब्रेक बरेच दिवस चीं चीं करतायत, आणि हा म्हणतो रविवारी घरीच पॅड बदलतो, व्हिडिओ बघितलाय, अर्ध्या तासाचं काम आहे. झालं, बंड्या उसळलाच. "अरे वायपर बदल, एअर फिल्टर बदल, कोण नाही म्हणतंय, पण ब्रेक? उद्या उतारावर पाय दाबलास आणि गाडी थांबली नाही तर तो व्हिडिओवाला येणारे का मधे?"

सगळे सुहासदादाकडे बघायला लागले, कारण तो स्वतःच्या गाडीचं बरंचसं काम स्वतःच करतो. दादा म्हणाला, ती चीं चीं मुद्दाम दिलेली असते, पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, मटेरियल संपत आलं की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि ओरडते. नवीन पॅडवर साधारण 10 ते 12 एमएम मटेरियल असतं, 3 एमएमच्या आसपास आलं की बदलायचं. त्याऐवजी कर्रर्र आवाज यायला लागला तर मटेरियल संपून मागची लोखंडी प्लेट डिस्क खातेय असं समजायचं, मग नुसत्या पॅडवर भागत नाही.

"हो पण मग मेकॅनिक कशाला असतात?" बंड्या हटत नव्हता.

"मेकॅनिकशी माझं भांडण नाही रे. पण तुझे जुने पॅड तू कधी बघितलेस?"

बंड्या गप्प. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कोणीच बघितले नव्हते.

दादाचं म्हणणं असं की खरी माहिती जुन्या पॅडमधे असते. आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवायचा. सारखे झिजलेत तर ठीक. पण बाहेरचा अर्धा शिल्लक आणि आतला पार पत्र्याला टेकलेला असेल तर बहुतेक स्लाइड पिन जाम झालीये, म्हणजे जिच्यावर कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटा घेणारा भाग) मागेपुढे सरकतो ती, त्यामुळे तो सरकतच नाही आणि सगळा मार आतला पॅड खातोय. आणि चाकाच्या फटीतून डोकावून बघणाऱ्याला बाहेरचाच पॅड दिसतो, म्हणजे तो म्हणणार छान आहे की अजून! पिन बाहेर काढून पुसायची, तिच्यासाठीचंच उष्णता सोसणारं ग्रीस लावायचं आणि रबराचं बूट फाटलं नाही ना ते बघायचं, पिन बोटाने आतबाहेर झाली पाहिजे. हे न करता नवीन पॅड टाकले तर तेही तसेच झिजणार. इथे मला दादाचं पटलं, पैसे वाचतात वगैरे मुद्द्यापेक्षा हा मुद्दा जास्त वजनदार आहे.

बाकीची कृती निल्याने घडाघडा म्हणून दाखवली: चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक, खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलायचा, काढलाच पूर्ण तर तारेने बांधायचा, पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही, जुना पॅड मधे धरून क्लॅम्पने पिस्टन (पॅडला डिस्ककडे ढकलणारा दट्ट्या) हळूहळू आत दाबायचा. दादाने एवढंच जोडलं की पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइल टाकीत वर चढतं, मधे कोणी टॉप-अप केलं असेल तर बाहेर सांडतं आणि बॉडीचा रंग खातं. आणि पॅड एका चाकाचेच झिजले असले तरी पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे.

"मागचे ब्रेक?" बंड्याला आता धागा सापडला होता. मागे डिस्क असेल आणि हॅन्डब्रेक कॅलिपरमधेच असेल तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन नुसता दाबून जात नाही, फिरवत फिरवत आत घालावा लागतो, आणि हॅन्डब्रेक इलेक्ट्रॉनिक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडला, म्हणजे कामासाठी सैल करून, ठेवायचा. दादा म्हणाला तिथे मी पण गॅरेजलाच जातो. एक गोल बंड्याला.

उतारावरून मात्र दादाने त्याला धरला. उतारावर पेडल मऊ पडायचं एक मोठं कारण म्हणजे जुनं ऑइल, ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट 4 जातीचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी ओढल्यावर तीच मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. "तुझं कधी बदललंयस?" बंड्याने विषय बदलला.

मग दादाने निल्याला विचारलं, सगळं बसवून झाल्यावर पहिलं काय करशील?

"राउंड मारेन."

"मेलास." पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट खाली जातं. गाडी जागेवर असतानाच ते कडक होईपर्यंत पंप करायचं, मगच चाक हलवायचं. नंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर 50-60 च्या स्पीडवरून 10-15 पर्यंत ब्रेक लावायचे, पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा, मधे डिस्क थंड होऊ देत. बंड्याने शांतपणे विचारलं, हे व्हिडिओत होतं का? निल्या म्हणाला, शेवटी असेल, मी तेवढं पुढे ढकललं.

एका गोष्टीवर मात्र दोघं एक झाले, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, स्टँड हवेतच. निल्याकडे स्टँड नाहीत. बंड्याकडे आहेत, चांगले जोडीने, ते कशाला घेऊन ठेवलेत हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण रविवारी घेऊन येतो म्हणालाय.